काचेआडच्या वस्तू आणि पाड्यावरची शाळा

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीचा सोहळा म्हटला म्हणजे मागे वळून पाहण्याचा दिवस. अशा दिवशी धर्मगुरूने मिशनचा इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांची नावे घ्यावी आणि सर्वांस आशीर्वाद देऊन खाली बसावे, असा प्रघात आहे. तो प्रघात आम्ही आज थोडा मोडणार आहो. कारण इतिहास सांगावयास उभे राहिलो असता आमच्या ध्यानात आले की, तो सांगण्याची साधनेच आपल्याजवळ फार थोडी उरली आहेत. आणि ती कमी होण्यास अंशतः आम्हीच कारण झालो आहो. ही कबुली प्रथम दिल्यावाचून पुढे बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर मिशनच्या घराची रंगसफेदी काढली, तेव्हा माळ्यावरून एक गंजलेली पत्र्याची पेटी खाली आली. तीत जुने हजेरीपट होते, धान्यवाटपाच्या वह्या होत्या, काही फोटो होते. निम्मे वाळवीने खाल्लेले. पाहुणे यावयाचे होते, घाई होती. आम्ही ते सर्व रद्दीवाल्यास वजनावर देऊन टाकले. पुढल्याच वर्षी एका शिक्षिकाबाईंनी येऊन विचारले, “फादर, माझ्या वर्गातल्या मुलांचे आजे-पणजे कधी शाळेत गेले होते, असे दाखविणारे काही आपल्याकडे आहे का? मुलांना दाखवायचे होते.” आमच्याकडे ते होते, आणि आम्ही ते विकले होते. किती पैसे आले, तेही आज आठवत नाही.

त्या प्रश्नातूनच आजचा आमचा विषय निघाला आहे. वस्तुसंग्रहालयांत आणि दप्तरखान्यांत जे साठविलेले असते, त्यातून आपल्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळांकरिता शिकविण्याची साधने कशी घडवावी, हा तो विषय होय. वरवर पाहता हा शहरातल्या विद्वानांचा विषय वाटेल. परंतु आमच्या मते तो उंबरमाळीचाच विषय आहे. का, ते आता सांगतो.

हे काम धर्मगुरूस नवे नाही, याचे एक ठळक उदाहरण आपल्या मुंबईत आहे. फादर हेन्री हेरास हे येशूसंघीय धर्मगुरू १८८८ साली स्पेन देशातील बार्सेलोना येथे जन्मले आणि १९२२ साली मुंबईस येऊन सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवू लागले. हिंदुस्थानच्या इतिहासाचा अभ्यास त्यांनी येथे येऊनच केला. शिकविता शिकविता त्यांच्या ध्यानी आले की, नुसत्या पाठ्यपुस्तकाने इतिहास कळत नाही. नाणे हातात धरावे लागते, ताम्रपट उजेडाकडे कलता करून पाहावा लागतो, मूर्तीभोवती फिरावे लागते. म्हणून १९२६ साली त्यांनी कॉलेजातच इतिहाससंशोधनाची संस्था काढली आणि तिच्यासाठी नाणी, मूर्ती, हस्तलिखिते व ग्रंथ जमविले. १९५५ साली ते प्रभुघरी गेले. ती संस्था आज हेरास इन्स्टिट्यूट या नावाने चालू आहे. भारत सरकारने १९८१ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. आम्ही सेमिनरीत असताना हा संग्रह पाहावयास गेलो होतो. तेथे कपाटांतून ठेवलेल्या वस्तू पाहताना मनात आले की, हे सर्व पाहावयास कॉलेजपर्यंत पोहोचावे लागते. आणि जी मुले चौथीच्या पुढे जात नाहीत, त्यांनी काय करावे?

ही मुले कोण, हे आपणांस सांगावयास नको. आपले उंबरमाळी खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान लोहमार्गावरच आहे. गाडीत बसले की त्याच दिवशी मुंबईचे वस्तुसंग्रहालय पाहून परत येता येते. तरीही आमच्या ओळखीच्या ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी घरांतील मुलांपैकी ते पाहिलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. अंतर मैलांचे असते तर ते गाडीने तोडले असते. खरे अंतर असे आहे की, त्या काचेआड जे आहे ते आपले आहे, असे त्या मुलास कोणी सांगितलेलेच नाही.

मूल संग्रहालयाकडे येत नसेल तर संग्रहालयाने मुलाकडे जावे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील सेंट लुई नगरात १९०४ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले. ते संपल्यावर तेथील पुष्कळ वस्तू नगराच्या शाळाखात्याने मिळविल्या आणि १९०५ साली शाळांचे म्हणून एक वस्तुसंग्रहालय उघडले. वस्तूंच्या पेट्या घोडागाडीत घालून शाळाशाळांस पोहोचविल्या जात आणि पुढे परत नेल्या जात. आपल्याकडेही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ सालापासून एका मोठ्या बसमध्ये छोटे संग्रहालय मांडून ते गावोगावच्या शाळांपर्यंत नेण्याचा उपक्रम चालविला आहे. हे पाहून आम्हांस वाटले की, बस आपल्या दारी येईल तेव्हा तिचे स्वागत करूच. परंतु एक पेटी तर आपणही भरू शकतो.

अशा पेटीत काय असावे? आमच्या अनुभवातील एक गोष्ट सांगतो.

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून वर चढणारी नाणेघाटाची वाट आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालची आहे. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याचा, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. तेथे एकदा राजपुरुषांच्या आणि राणीच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती नाहीत, भिंतीवर त्यांची नावे मात्र आहेत. लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची मोजदाद आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. ती मोजदाद करताना जे अंक कोरले आहेत, ते या देशातील अतिप्राचीन अंकांपैकी गणले जातात. दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चार म्हणजे फुलीच्या वळणाची खूण. दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे. कारण आपण आज ज्या रीतीने शून्य मांडून दहा, शंभर, हजार लिहितो, ती रीत तेथे नाही.

आम्ही या अंकांचा एक तक्ता मोठ्या कागदावर काढविला आणि तो चौथीच्या वर्गात टांगला. मुलांस काही सांगितले नाही, केवळ विचारले, “यात तुम्हांस काय दिसते?” बराच वेळ वर्ग गप्प होता. मग मागल्या बाकावरचा एक कातकरी मुलगा, जो फळ्याकडे येण्याचे नेहमी टाळी, तो स्वतःहून उठून आला आणि चाराच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, “फादर, ही तर माझ्या आजीच्या हातावर हाय.” आजीच्या हातावर गोंदण होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आजीस शाळेत बोलाविले. ती प्रथम दाराबाहेरच बसली. पुष्कळ आग्रहाने आत आली, आणि मग गोंदण कोणी केले, कोणत्या जत्रेत केले, किती दुखले, त्याबद्दल किती तांदूळ मोजून दिले, हे सर्व तिने सांगितले. मुलांनी ते वहीत उतरून घेतले.

येथे आम्हांस एक मोह झाला, तोही सांगून टाकितो. आजीच्या हातावरची खूण सातवाहनांच्या काळापासून चालत आली, असे मुलांस सांगावे, किती गोड वाटेल, असे मनात आले. परंतु त्यास आधार नव्हता. दोन खुणा सारख्या दिसतात एवढ्यावरून एक दुसरीपासून निघाली असे ठरत नाही. आम्ही मुलांस तसेच सांगितले, आणि मग विचारले की, हे ठरवावयाचे झाल्यास आणखी काय काय पाहावे लागेल? तो तासभराचा वाद आम्ही विसरणार नाही. ज्या मुलांस पाठ म्हणता येत नसे, ती मुले पुरावा म्हणजे काय यावर भांडत होती.

दुसरे उदाहरण घाटापलीकडचे. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप राजा नहपान याची. आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा वरून मारलेला. जिंकणाऱ्या राजाने हरलेल्याची नाणी वितळविली नाहीत. त्याच चांदीवर आपली खूण उठविली आणि ती पुन्हा बाजारात सोडली. अंगठ्याच्या नखाएवढे हे नाणे. त्याचे मोठे छायाचित्र आणि मूळ आकाराची मातीची प्रतिकृती मुलाच्या हाती द्या, आणि विचारा: राजा बदलला हे बाजारातल्या माणसास कसे कळले असेल? खालचा चेहरा पुसला गेला आहे काय? गुरुजींनी तासभर युद्धाचे वर्णन करून जे साधणार नाही, ते या मातीच्या तुकड्याने साधते.

वस्तूंची गोष्ट झाली, आता दप्तरांची. १८८२ साली इंग्रज सरकारने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर छापिले. त्यात येथील नद्या, झाडे, पिके, गावे आणि जाती-जमाती यांचे वर्णन आहे, आणि महाराष्ट्र शासनाने ते सर्वांस वाचावयास खुले केले आहे. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे. परंतु एक सावधगिरी बाळगावी. ते साहेबाच्या डोळ्यांनी लिहिलेले आहे. आपल्या कातकरी बांधवांविषयी त्यात तुच्छतेचे शब्द आहेत. ते शब्द जसेच्या तसे वर्गात वाचले तर जे मूल आधीच मान खाली घालून बसते, त्याची मान आणखी खाली जाईल. म्हणून त्या पानाशेजारी दुसरे पान ठेवावे. कातकरी हे नावच कातावरून पडले. खैराचा गाभा तासावा, त्याचे तुकडे मातीच्या मडक्यांत उकळावे, तो काढा आटवून त्याच्या वड्या वाळवाव्या. देशातल्या विड्याला रंग आणणारा हा माल या माणसांनी जंगलात तयार केला. पुढे सरकारी जंगल-कायद्यांनी खैर तोडण्यावर बंधने आली, आणि धंदा बसला. मग कोळसा पाडणे आले, आणि वीटभट्टी आली. ज्यांस गॅझेटियर आळशी किंवा चोर ठरविते, त्यांच्या हातचे कसब कोणी व कसे काढून घेतले, हा प्रश्न मुलांस विचारता आला तर त्याच दप्तराचे औषध होते.

तसाच एक नकाशा. लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यास पोहोचला आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीस गेला. तानसा धरणाचे पाणी १८९२ साली मुंबईकडे वाहू लागले. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ साली झाला. या कामांचे नकाशे व कागद सरकारी आणि नगरपालिकेच्या दप्तरांत आहेत. शहापूर तालुक्यातील मुलाने तो नकाशा समोर धरून आपला पाडा शोधावा, पाण्याची वाट बोटाने मुंबईपर्यंत न्यावी, आणि मग घरी जाऊन आईस विचारावे की उन्हाळ्यात हंडा भरावयास किती लांब जावे लागते. यात कोणाविषयी द्वेष शिकवावयाचा नाही. आपल्या गावाचे नाव मोठ्या नकाशावर आहे, आणि त्या नकाशास आपणही प्रश्न विचारू शकतो, एवढेच शिकवावयाचे आहे.

शिक्षकहो, या कामाचे काही नियम आमच्या अनुभवास आले, ते थोडक्यात सांगतो. एका धड्यास एकच वस्तू घ्यावी. दहा वस्तू दाखविल्या तर मूल एकही पाहत नाही. प्रथम पाहू द्यावे, मग विचारावे, सर्वांत शेवटी सांगावे. मूळ वस्तू जागेवरच राहावी. प्रवास करावयाचा तो प्रतिकृतीने, छायाचित्राने, ठशाने. प्रत्येक चित्राखाली मूळ वस्तू कोठे आहे आणि केवढी आहे, हे लिहावे. नाही तर मुलास नाणे परातीएवढे वाटते. वस्तूचे नाव पाड्यावरच्या बोलीत जे असेल ते आधी, पुस्तकातले नंतर. आणि ज्याच्या घरची वस्तू किंवा आठवण असेल, त्याची परवानगी घ्यावी व त्याचे नाव नोंदवावे. दुसऱ्याच्या आजीची गोष्ट ही आपली मालमत्ता नव्हे.

आपल्या धर्मग्रामाच्या वह्यांविषयीही दोन शब्द. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या वह्या नीट ठेवाव्या, धर्मग्रामाचे दप्तर असावे आणि जुन्या वह्याही काळजीपूर्वक जपाव्या, असे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेच्या ५३५ व्या कलमाने प्रत्येक धर्मगुरूवर बंधन घातले आहे. १९९७ साली रोमहून ख्रिस्तसभेच्या दप्तरखान्यांविषयी, आणि २००१ साली तिच्या वस्तुसंग्रहालयांविषयी स्वतंत्र पत्रे निघाली. दोहोंचा आशय हाच की, जुने कागद व जुन्या वस्तू ही लोकांच्या सेवेची साधने आहेत. या वह्यांत कुटुंबांच्या खाजगी गोष्टी असतात, म्हणून त्या मुलांच्या हाती देता येणार नाहीत. परंतु नावे झाकून, कोणत्या दशकात किती बालके जन्मली, किती लहानपणीच गेली, कोणत्या पाड्यातून कोणत्या पाड्यात मुली दिल्या गेल्या, याचे तक्ते करता येतात. गणिताचा तो फार गंभीर धडा होईल.

कागद जपला नाही तर काय होते, हे मराठी ख्रिस्ती माणसास वेगळे सांगावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात प्रथम छापले गेले. त्याच शतकात ते आणखी दोनदा छापले गेले. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने उतरून ठेवलेल्या प्रतींमुळे. त्या उतरवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावेही कोणास ठाऊक नाहीत. आमच्या हातून रद्दीत गेलेली ती पेटी आठवली म्हणजे त्या अनामिक हातांपुढे आम्हांस लाज वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्युबिलीची आठवण म्हणून दारी संगमरवरी कमान उभारावी, अशी सूचना आली आहे. सूचना प्रेमाची आहे. तिचा अनादर आम्ही करीत नाही. परंतु आमची विनंती अशी की, कमान थोडी थांबावी आणि प्रथम एक पेटी भरावी. तीत नाणेघाटाच्या अंकांचा तक्ता असावा, ठशाच्या नाण्याची प्रतिकृती असावी, तानसाचा नकाशा असावा, कात करण्याच्या कृतीची चित्रे असावी, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मुलांच्याच अक्षरांत लिहिलेली वही असावी. ही पेटी सर्व शाळांची असावी. मूल ख्रिस्ती आहे की नाही हे तिने विचारू नये. एक महिना एका शाळेत, पुढचा महिना दुसऱ्या शाळेत, अशी ती फिरावी.

आणि दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर जावी. हे आम्ही मुद्दाम शेवटी सांगत आहो. ज्या मुलाने चाराच्या खुणेवर बोट ठेवले, त्याचे घर त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर भट्टीवर गेले. त्याची जागा पावसाळ्यापर्यंत रिकामी राहिली. परत आला तेव्हा तो पुन्हा मागल्या बाकावर बसला, आणि आम्हांस समजले की, जे मिळाले होते त्यातले पुष्कळ गळून गेले. शाळा त्याच्यामागे जाऊ शकली नाही. पण पत्र्याची एक पेटी बैलगाडीतून, टेम्पोतून, फार काय डोक्यावरूनही जाऊ शकते. गुरुजी व तरुण मंडळी आठवड्यातून एकदा भट्टीवर जावयास तयार असतील, तर आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ. वय पन्नाशी उलटले असले तरी पाय अजून चालतात.

आपणां सर्वांस आमचे मागणे एवढेच. घरी इरले असेल, कणगी असेल, जाते असेल, आजोबांचा कोयता, आजीच्या लुगड्याचा काठ, जुना फोटो, जुनी चिठ्ठी, शाळेचा दाखला असेल, तर ते मोडीत देण्याआधी एकदा मिशनात आणा. आम्ही ते ठेवून घेणार नाही. फोटो काढू, माहिती लिहून घेऊ आणि वस्तू तुमच्या हाती परत देऊ. आणि ज्यांच्या घरी वस्तू काहीच नसेल, त्यांनी आपल्या घरच्या सर्वांत वृद्ध माणसास घेऊन यावे.

पाच भाकरींनी हजारोंस तृप्त केल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, हे आपण दरवर्षी ऐकतो. ज्याच्या हाती भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते, त्यासही तुकडा वाया गेलेला चालला नाही. आपल्यापाशी तर तुकडेच आहेत. ते आजपासून गोळा करू या.

त्या शिक्षिकाबाई आज या सभेत बसल्या आहेत. बाई, तुमच्या प्रश्नास त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. पेटी भरली म्हणजे ती पहिल्याने तुमच्या वर्गात येईल.

प्रभूची कृपा आपणां सर्वांवर असो.